उपवास आणि रोजा : संयमाच्या दोन वाटा

(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



पर्युषण पर्व आले की पालघर, बोईसर, वाणगाव या पट्ट्यातील जैन घरांत अठ्ठाईची चर्चा सुरू होते. कोणी एकासणे करतो, कोणी आयंबिल, तर कोणी मासक्षमणाचा संकल्प सोडतो. याच पट्ट्यात रमजानचा चंद्र दिसला की मुस्लिम घरांत पहाटे दिवे लागतात. दोन्ही घरांतील माणसे एकाच बाजारात व्यवहार करतात, एकाच डहाणू लोकलने प्रवास करतात. तरीही परस्परांच्या उपवासाविषयी त्यांना फार थोडे ठाऊक असते. जैन मनुष्य म्हणतो, "रात्री जेवायचे, मग तो उपवास कसला?" मुसलमान शेजारी विचारतो, "पाणी पिऊन उपवास कसा होतो?" दोन्ही प्रश्न अज्ञानातून आलेले आहेत आणि दोन्हींना उत्तर आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू. 'उपवास' म्हणजे जवळ राहणे, आत्म्याच्या सान्निध्यात वास करणे. 'रोजा' हा शब्द फारसी असून तो 'रोज', म्हणजे दिवस, या शब्दाशी निगडित आहे. अरबीत त्यास 'सौम' म्हणतात. त्याचा अर्थ स्वतःला आवरून धरणे. 'रमजान' या नावाच्या मुळाशी तीव्र उष्णतेचा अर्थ आहे. जैन परंपरेतील 'तप' शब्दातही ताप आहेच. सोने तापल्याशिवाय शुद्ध होत नाही, ही जाणीव दोन्हीकडे आहे.

हिजरी सनाच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे इसवी सन ६२४ च्या सुमारास, रमजानचे रोजे मुसलमानांवर फर्ज झाले. कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात ही आज्ञा असून 'तक्वा', म्हणजे ईश्वराचे भान ठेवून वागण्याची वृत्ती, हा तिचा हेतू सांगितला आहे. पहाट फुटल्यापासून सूर्यास्तापर्यंत अन्न, पाणी, धूम्रपान व शरीरसंबंध वर्ज्य असतात. पहाटेपूर्वीच्या भोजनास सहरी व सूर्यास्तानंतरच्या पारण्यास इफ्तार म्हणतात. इफ्तार बहुधा खजूर व पाण्याने होतो. रात्री तरावीहची विशेष नमाज होते. अखेरच्या दहा दिवसांत काही जण मशिदीतच मुक्काम करून एतिकाफ पाळतात. पौषध करणाऱ्या श्रावकास त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

रोज्यास नियत लागते, जैन उपवासास पच्चक्खाण लागते. संकल्पावाचून उपाशी राहणे म्हणजे केवळ जेवण चुकणे, याविषयी दोघांचे एकमत आहे. चुकून, विसरून घास खाल्ला गेला तर रोजा मोडत नाही. आठवताच थांबावयाचे असते. रमजानमध्ये जाणूनबुजून मोडल्यास मात्र कठोर प्रायश्चित्त सांगितले आहे. आजारी, प्रवासी, गर्भवती व स्तनदा मातेस सवलत आहे. राहिलेले रोजे पुढे पूर्ण करता येतात. ज्यास वार्धक्यामुळे कधीच शक्य नाही, त्याने प्रत्येक रोज्याबद्दल एका गरिबास जेवू घालावे, असा नियम आहे.

इस्लामी वर्ष चांद्र असून त्यात अधिक मास नाही. त्यामुळे रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो आणि ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. आपल्या किनाऱ्यावर डिसेंबरचा रोजा साधारण साडेबारा तासांचा, तर जूनचा साडेचौदा तासांहून अधिक असतो. तारापूरच्या कारखान्यात पाळी करणाऱ्या किंवा वाणगावच्या मिरचीच्या मळ्यात उन्हात काम करणाऱ्या रोजेदारास हा फरक घशाच्या कोरडेपणाने कळतो. २०१० साली रमजान ईद आणि गणेश चतुर्थी ११ सप्टेंबर या एकाच दिवशी आल्या. म्हणजे अखेरचे रोजे आणि पर्युषण एकाच आठवड्यात पडले. त्या आठवड्यात बाजारपेठेतील दोन शेजारी, एक उकळलेल्या पाण्यावर आणि दुसरा पाण्यावाचून, गिऱ्हाईक सांभाळत होते.

आता भेदांचाही विचार केला पाहिजे, कारण भेद झाकून आदर निर्माण होत नाही. जैन श्रावक सूर्यास्तानंतर अन्न टाळतो, कारण रात्रिभोजनात जीवहिंसेचा दोष मानला आहे. रोजेदार सूर्यास्त होताच अन्न घेतो, कारण वेळ होताच रोजा सोडणे हाच आज्ञेचा मान होय; तो मुद्दाम लांबविण्यात पुण्य मानलेले नाही. जैन उपवास सुमारे ३६ तासांचा असतो आणि तो आठ, सोळा, तीस दिवसांपर्यंत वाढत जाऊ शकतो. जैन तपाचे ध्येय कर्मनिर्जरा, रोज्याचे ध्येय ईश्वराची आज्ञा व कृपा. आहाराच्या बाबतीत अहिंसेचा प्रश्न तर मूलभूतच आहे. दोन वाटा भिन्न आहेत. परंतु दोन्ही वाटा जिभेवरूनच जातात.

जिभेची दोन कामे आहेत : चव घेणे आणि बोलणे. पैगंबरांच्या वचनांत असा आशय येतो की, जो खोटे बोलणे व खोटे वागणे सोडत नाही, त्याच्या उपाशी राहण्याची ईश्वरास गरज नाही. जैन शास्त्रानेही तपाचे बारा प्रकार सांगताना अनशनास बाह्य तपात स्थान दिले आणि प्रायश्चित्त, विनय, वैयावृत्त्य, स्वाध्याय यांना आभ्यंतर तपात. व्यापारी समाजाने हे विशेष ध्यानात घ्यावे. अठ्ठाई केलेल्या हाताने कापड मापताना मीटर आखूड होत असेल, तर वरघोडा कितीही मोठा निघो, तपाच्या खात्यावर शिल्लक काय राहणार? राजकीय पुढाऱ्यांच्या इफ्तार मेजवान्या आणि फलकांवर झळकणारी तपस्व्यांची छायाचित्रे यांचा विचारही याच कसोटीवर व्हावा.

रोज्याबरोबर हिशोबही येतो. साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी शिल्लक ज्याच्याजवळ चांद्र वर्षभर राहिली, त्याने तिचा अडीच टक्के भाग जकात म्हणून द्यावा, हा प्रचलित नियम आहे. दुकानातील विक्रीचा मालही त्यात मोजला जातो. जकात वर्षात केव्हाही देता येते, परंतु पुष्कळ जण ती रमजानमध्ये काढतात. ईदच्या नमाजापूर्वी गरिबास फित्रा द्यावयाचा असतो, जेणेकरून सणाच्या दिवशी कोणी उपाशी राहू नये. स्वतः भुकेचा अनुभव घेतल्यावर दुसऱ्याच्या भुकेचा हिशोब करावा, हा क्रम अर्थपूर्ण आहे.

महाराष्ट्रात या दोन्ही परंपरांचा सेतू एका व्यक्तीने बांधला. रायगड जिल्ह्यातील गागोदे येथे जन्मलेल्या आचार्य विनोबा भावे यांनी अरबी शिकून कुराणाचा अभ्यास केला व 'कुराणसार' सिद्ध केले. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या निमित्ताने, त्यांच्याच प्रेरणेने, सर्व जैन संप्रदायांना मान्य असा 'समणसुत्तं' हा ग्रंथ तयार झाला. १९८२ च्या नोव्हेंबरात पवनार येथे त्यांनी अन्न व औषध त्यागले आणि १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या म्हणजेच महावीर निर्वाणाच्या दिवशी, देह ठेवला.

त्याहून जुनी कथा चंपा श्राविकेची. फत्तेपूर सिक्री येथे तिने सहा महिन्यांचे तप केले, ते पाहून बादशहा अकबर विस्मित झाला व त्याने आचार्य हीरविजयसूरींना पाचारण केले, असे जैन परंपरा सांगते. पुढे पर्युषणात प्राणिवध बंद ठेवण्याची फर्माने निघाली. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादेतील कत्तलखाने पर्युषणात नऊ दिवस बंद ठेवण्याचा निर्णय ग्राह्य धरला, तेव्हा निकालपत्रात अकबराचे उदाहरण आले. २०१५ साली मुंबईत मात्र मांसविक्रीबंदीवरून वाद पेटला व उच्च न्यायालयाने त्या बंदीस स्थगिती दिली. या तीन प्रसंगांतून विचार करण्याजोगी गोष्ट एकच आहे : चंपा श्राविकेने बादशहाकडे काहीही मागितले नव्हते. तिच्या तपाने त्याचे मन वळले. दुसऱ्याच्या ताटातील बदल कायद्याने काही दिवस घडेल. हृदयातील बदल मात्र तप पाहूनच घडतो. आणि आपले तप शेजाऱ्याने आदराने पाहावे असे वाटत असेल, तर त्याचा रोजाही आदराने पाहणे क्रमप्राप्त आहे.

हे आचरण कठीण नाही. रमजानमध्ये दुकानातील रोजेदार कामगारास सूर्यास्तापूर्वी घरी जाऊ द्यावे. त्याच्यासमोर चहाचा आग्रह धरू नये. मुलांना शेजाऱ्याच्या उपवासाची थट्टा करू देऊ नये. अनेकांतवाद हा केवळ प्रवचनाचा विषय नव्हे. तो बाजारपेठेत, शेजारच्या गाळ्यापाशी सिद्ध व्हावयाचा असतो.

संवत्सरीस श्रावक सर्व जीवांची क्षमा मागतो. त्या 'सर्व' शब्दात पहाटे पाण्याचा अखेरचा घोट घेऊन कामाला निघालेला शेजारीही येतो, एवढे स्मरण या सुवर्ण महोत्सवी वर्षात राहो.

मिच्छामि दुक्कडं. जय जिनेंद्र.