चार पावलं स्वतःसाठी

आपण बायका दिवसभर चालतच असतो. पाण्याला, रानात, दळणाला, मुलांच्या शाळेत. पण डोक्यावर, काखेत काही न घेता, नुसतं बघायला म्हणून आपण कधी चालतो का? आमच्या बचत गटात हा प्रश्न निघाला, तेव्हा सगळ्या गप्प झाल्या. त्यातूनच वर्षाला एक सहल ठरली. गटाच्या बचतीला हात लावायचा नाही, महिन्याला थोडी वर्गणी वेगळी काढायची, असा नियम केला.

आपल्या सातारा जिल्ह्यात गड चढायला न जाताही डोंगर बघता येतो. पहिलं ठिकाण ठोसेघर. साताऱ्याहून सज्जनगडाच्या रस्त्याने पुढे वीस-पंचवीस किलोमीटर. तिथे थोडं चाललं की कठड्यामागे उभं राहून समोरच्या दरीत कोसळणारा धबधबा दिसतो. गुडघे दुखणाऱ्यांनाही जमतं.

दुसरं ठिकाण लिंगमळा. महाबळेश्वरच्या अलीकडे, पाचगणी रस्त्यावर. झाडीतून पायवाट जाते. एका बाजूला लहान धबधबा, दुसरीकडे मोठा. हे पाणी वेण्णा नदीचं. दगड निसरडे असतात, म्हणून घसरणाऱ्या चपला नकोत. पट्ट्याच्या सँडल किंवा बूट घाला.

तिसरं केट्स पॉइंट. खाली कृष्णेचं खोरं आणि धोम, बलकवडी धरणांचं पाणी दिसतं. तिथेच कड्याला पडलेलं नेढंही बघायला मिळतं. वेळ उरला तर जुन्या महाबळेश्वरला पंचगंगेचं मंदिर आहे. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम तिथे मानतात. त्यातली सावित्री कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळते आणि कृष्णा पार बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. एका डोंगरावरचं पाणी दोन समुद्रांना जातं!

कधी जायचं? जुलै-ऑगस्टमध्ये धबधबा जोरात असतो, पण धुक्यात पुष्कळदा काहीच दिसत नाही. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर बरा. पाणीही असतं, आभाळही उघडतं.

खर्चाचं म्हणाल तर मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला निम्मं तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधीपासूनच प्रवास मोफत. आमच्यातल्या एकीच्या सासूबाई पहिल्या वर्षी म्हणाल्या होत्या, "धबधबा बघून पोट भरतंय व्हय?" दुसऱ्या वर्षी त्याच आधार कार्ड घेऊन स्टँडवर आमच्या आधी हजर! त्यांचं तिकीटच लागलं नाही. कठड्याशी उभ्या राहून बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "एवढं जवळ होतं, आन् कुणी सांगितलं न्हाई."

आता महत्त्वाचं. धबधब्याच्या पाण्यात उतरायचं नाही. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस झाला की पाणी अचानक वाढतं. पाणी गढूळ झालं, त्यात पालापाचोळा, काटक्या वाहू लागल्या, की लगेच मागे फिरायचं. फोटोसाठी कठडा ओलांडायचा नाही. दोघी-दोघींच्या जोड्या करायच्या, बसमध्ये चढताना मोजणी करायची. माकडांसमोर पिशवी उघडायची नाही. शेवटची एसटी किती वाजता, हे उतरल्याबरोबर विचारून घ्यायचं. लघवी दाबून धरायची नाही. स्वच्छतागृह कुठे आहे, हे सकाळीच बघून ठेवायचं.

डबा घरचा न्या, पण भाजलेलं कणीस, चहा तिथल्या बाईकडूनच घ्या. तीही आपल्यासारखीच संसाराला हातभार लावते. आणि आपला कचरा पिशवीत घालून परत आणा. डोंगरावरचं तेच पाणी पुढे कुणाच्या तरी हंड्यात जातं.

मैत्रिणींनो, घरी विचारतील, "तिथे काय काम आहे?" तर सरळ सांगा, काही काम नाही, म्हणूनच चाललोय. पुढच्या मासिक बैठकीत कर्जाचे हप्ते लिहून झाले, की त्याच वहीत सहलीची एक तारीखही लिहून टाका.