पत्र्यावरचं लाकूड



कणकुंबीत मलप्रभेचा उगम आहे. इथून निघालेली नदी पूर्वेकडे वाहत सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थच्या धरणापर्यंत पोचते, तोवर पाऊस निम्म्याहून खाली आलेला असतो आणि रान उघडं-बोडकं, कोरडं होतं. उगमाशी पावसाळ्यात भिंती आठवडेच्या आठवडे वाळत नाहीत, आणि खाली सौंदत्तीला शेतकरी ढगाकडे डोळे लावून बसतो. आता बाजारात या. दोन्हीकडच्या दुकानांत नमुन्यांची पुस्तकं सारखीच दाखवली जातात. साग, अक्रोड, शिसम अशा नावांची पानं असतात आणि पानांवर लाकडाच्या रेषा छापलेल्या पोलादी पट्ट्या चिकटवलेल्या असतात. गिऱ्हाईक रेषांवरून हात फिरवतं, रंग पसंत करतं आणि ऑर्डर देतं. रेषांच्या खाली काय आहे, हे कणकुंबीचं गिऱ्हाईक विचारत नाही आणि सौंदत्तीचंही नाही. सौंदत्तीला हे एक वेळ खपून जाईल, इथे नाही. आजच्या भाषणात मला एवढीच गोष्ट मांडायची आहे: लाकडाच्या नक्षीचा पत्रा हा नक्षीमुळे खोटा ठरत नाही, नक्षीखालचं जे सांगायचं राहून जातं त्यामुळे ठरतो.

हा माल तयार कसा होतो, ते आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक आहे. तरी थर मोजल्याशिवाय पुढचा हिशेब लागणार नाही. पोलादाच्या पट्टीवर आधी जस्ताचा, किंवा अ‍ॅल्युमिनियम आणि जस्ताच्या मिश्रधातूचा थर गरम बुडवणीने चढवतात. या मिश्रधातूत वजनाने ५५ टक्के अ‍ॅल्युमिनियम, ४३.४ टक्के जस्त आणि १.६ टक्के सिलिकॉन असतं. मग कॉइल उलगडून धुतात, रंग धरून राहावा म्हणून रसायनाचा हात देतात, सुमारे ५ मायक्रॉन प्रायमर लावतात आणि भट्टीतून काढतात. त्यावर मूळ रंग, त्यावर खोदीव सिलिंडरने छापलेली लाकडाची रेषा आणि शेवटी पारदर्शक थर. पट्टी भट्टीत दोनशे अंशांच्या वर तापते आणि बाहेर येऊन पुन्हा गुंडाळली जाते. सलग पट्टीवर रंग देण्याची ही पद्धत १९३० च्या दशकात अमेरिकेत खिडक्यांच्या पडद्यांच्या पट्ट्यांसाठी सुरू झाली. आज वासिंद, तारापूर, कळमेश्वर आणि खोपोली या महाराष्ट्रातल्याच गावांत रंगीत पत्र्याचे मोठे कारखाने आहेत. छपाईची रेषा स्वतः काही मायक्रॉनचीच असते. गिऱ्हाईक जे पाहून पैसे देतं, ते सगळ्या थरांत सर्वांत पातळ आणि पत्रा टिकवण्याच्या कामी सर्वांत निरुपयोगी.

पहिला आक्षेप वास्तुरचनाकारांकडून येतो, आणि तो वजनदार आहे. प्रत्येक साहित्याने आपल्या रूपातच दिसावं, पोलादाने लाकडाचं सोंग घेऊ नये, असं ते म्हणतात. तत्त्व म्हणून हे शोभतं. पण आपल्याच सह्याद्रीतला पुरावा त्याच्या विरुद्ध आहे. भाज्याचं आणि कार्ल्याचं चैत्यगृह पाहा. कातळ खोदणाऱ्या कारागिरांनी दगडात लाकडी गवाक्षं, कठडे आणि तुळयांची टोकं कोरली. कातळाला त्यातलं काहीच लागत नव्हतं, छत आपोआप उभं राहणार होतं. तरीही त्यांनी लाकडी इमारतीचं रूप दगडावर उतरवलं आणि त्याला आपण सोंग म्हणत नाही, शिल्प म्हणतो. या लेण्यांत माझ्या विषयाला जास्त जवळची दुसरी गोष्ट आहे. भाज्याच्या दर्शनी भागात एके काळी खरं लाकडी काम होतं. ते गेलं, त्याच्या खाचा उरल्या. कार्ल्याच्या आतल्या छतावरच्या लाकडी फासळ्या मात्र सुमारे दोन हजार वर्षांनंतरही जागेवर आहेत. लाकूड काय टिकवतं आणि काय खातं, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार? आडोशाला लाकूड शतकानुशतकं राहतं, पावसाच्या तोंडावर नाही. म्हणून माझा निर्णय जरा वेगळा आहे. घाटमाथ्यावर घराच्या बाहेरच्या अंगाला, शटरला, पागोळ्यांखालच्या पट्टीला, पावसाकडे तोंड असलेल्या भिंतीला छापील पत्रा वापरायला हरकत नाही. आतल्या दाराला, देवघराला, माजघराला तो वापरण्याचं मला कारण दिसत नाही. तिथे फणस आणि साग यांना कुणी हरवलेलं नाही.

परंपरेचा आक्षेप मी लवकर आटोपतो. खानापूरकडच्या घरांचं रूप म्हणून जे लाल कौल आपण डोळ्यांपुढे आणतो, ते मंगळुरी कौल १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरात कारखाना काढल्यावर आलेलं आहे. तेव्हा तेही यंत्रावर दाबून काढलेला, सगळे नग एकसारखे असणारा बाहेरचा माल होता. दीडशे वर्षांत ते आपलं झालं, कारण ते गळलं नाही. पत्र्यालाही हीच कसोटी लावू.

आता खऱ्या खोटेपणाकडे. दुकानात ०.५० मिलिमीटरचा म्हणून जो पत्रा मिळतो, त्यातली जाडी बहुधा सगळे थर धरून सांगितलेली असते. १५० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला १५० ग्रॅमचा, मिश्रधातूचा थर दोन्ही बाजूंचा मिळून सुमारे ४० मायक्रॉन होतो. दोन्ही अंगांचा रंग आणि प्रायमर धरून आणखी ३५ मायक्रॉनच्या आसपास जातात. म्हणजे आतलं पोलाद ०.४२ ते ०.४३ मिलिमीटर. यात बेकायदा काही नाही, पण गिऱ्हाइकाला वाटतं आपण अर्धा मिलिमीटर पोलाद घेतलं. जस्ताचा हिशेब याहून महत्त्वाचा आहे. १२० जीएसएमच्या थरात एका अंगाला साधारण साडेआठ मायक्रॉन जस्त येतं, २७५ जीएसएमच्या थरात १९. आंतरराष्ट्रीय मानकात मध्यम क्षरणाच्या हवेत उघडं जस्त वर्षाला ०.७ ते २.१ मायक्रॉन झिजतं. कणकुंबीची ओल पाहता याहून सौम्य वर्ग धरून हिशेब करणं धाडसाचं होईल. म्हणजे रंग जिथे सुटला तिथे पहिल्या पत्र्याचं जस्त ४ ते १२ वर्षांत संपेल, दुसऱ्याचं ९ ते २७ वर्षांत. नक्षी दोघांवर एकच छापलेली असू शकते. नमुन्याच्या पुस्तकात हा फरक दिसत नाही आणि भाव सांगताना तोच फरक गिळला जातो. जस्ती रंगीत पत्र्यासाठी आयएस १४२४६ आणि मिश्रधातूच्या रंगीत पत्र्यासाठी आयएस १५९६५ अशी भारतीय मानकं आहेत. ती कागदावर मागायची सवय मात्र आपल्याकडे रुजलेली नाही.

व्यापारी बंधू म्हणतील, पत्रा खराब होतो तो आमच्या दुकानात नाही, साइटवर. त्यांचं म्हणणं निम्मं खरं आहे आणि म्हणून फॅब्रिकेटरना दोन शब्द. अँगल ग्राइंडरने पत्रा कापला की कडेचा रंग आणि जस्त जळतं, आणि ठिणग्यांसोबत उडालेले तापलेले लोखंडाचे कण नक्षीत रुततात. पहिल्या पावसात त्या प्रत्येक कणाभोवती गंजाचा ठिपका उमटतो आणि साग देवी आल्यासारखा दिसू लागतो. कातर किंवा निबलर वापरायला वेळ जास्त लागतो, हे मान्य. पण छापील पत्र्यावर वेल्डिंगचा डाग झाकता येत नाही आणि ग्राइंडरचाही नाही. रिव्हेट, दुमड आणि रबरी वायसरचे स्क्रू हीच त्याची जोडणी. भोक पाडल्यावरचा किस त्याच दिवशी झाडून काढावा. ओली माती दुमडीत साठू देऊ नये, कारण आतून फुगलेला रंग वरून बराच काळ शाबूत दिसतो. सुतारांची नजर या पत्र्याची आणखी एक खोट सांगते: सिलिंडरचा जेवढा परिघ, तेवढ्या अंतराने तीच गाठ पुन्हा येते. ३०० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरवर दर ९४ सेंटिमीटरला. शेजारशेजारच्या पट्ट्या खालीवर सरकवून बसवल्या तर ही पुनरावृत्ती मोडते. हे काम सुताराच्या डोळ्याशिवाय होणार नाही. सुतारकी बुडेल या भीतीला माझं निम्मं उत्तर इथे आहे. उरलेलं निम्मं उत्तर माझ्यापाशी नाही, कारण चौकट ठोकण्याचं काही काम खरोखरच पत्र्याने नेलं आहे.

शेवटचा मुद्दा जंगलाचा, आणि तो विक्रेत्यांच्या बाजूने येतो. या पत्र्याने झाडं वाचतात, असं जाहिरातींत असतं. भीमगड अभयारण्याच्या सावलीत बसून हे ऐकायला गोड वाटतं. पण एक टन पोलाद तयार होताना जगाच्या सरासरीने सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि नीट जोपासलेल्या वनातलं लाकूड घरात असेपर्यंत कार्बन धरून ठेवतं. पत्रा भंगारात जाऊन पुन्हा वितळतो, ही त्याची जमेची बाजू. तरीही तो किती वर्षं टिकला, यावरच हा सगळा जमाखर्च ठरतो. आठ वर्षांत गंजून उतरवलेला पत्रा जंगलाचाही नाही आणि घरमालकाचाही नाही. झाडं वाचवण्याचा दावा ज्याला करायचा असेल, त्याने आधी जीएसएम सांगावा.

म्हणून या व्यासपीठावरून मी आपल्या सर्वांना एक विनंती करतो. उद्यापासून लाकडी नक्षीच्या पत्र्याच्या प्रत्येक बिलावर पोलादाची निव्वळ जाडी, धातूच्या थराचा जीएसएम, रंगाची जात आणि मानकाचा क्रमांक या चार गोष्टी मराठीत आणि कन्नडमध्ये लिहाव्यात. गिऱ्हाइकाने त्या मागाव्यात. ज्या दुकानात त्या लिहून मिळत नाहीत, तिथला साग कितीही सुंदर छापलेला असला तरी कणकुंबीत आणू नये.