गलबताचे सोने, देवळाचे तेल

देशावरून, गोव्यातून, कारवारकडून मालवणच्या या परिषदेला आलेल्या अभ्यासक मंडळींनो, ‘येवा, कोकण आपलोच आसा’ हे आमचे नेहमीचे आवतण. हल्ली ते इतक्या पाट्यांवर रंगवलेले असते की कुणी थांबून वाचत नाही. हजार वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर परक्याचे स्वागत कसे होत असे, याचा लेखी पुरावा मात्र आमच्याच जिल्ह्यात सापडलेला आहे आणि त्यात स्वागताचा दरही दिला आहे: परतीराहून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे एक गद्याण सोने.

हा पुरावा म्हणजे खारेपाटणचा ताम्रपट. दक्षिण कोकणच्या शिलाहार घराण्यातील रट्टराजाने शके 930च्या ज्येष्ठ पौर्णिमेला, म्हणजे इसवी सन 1008च्या मे महिन्यात, तो दिला. तो पहिल्यांदा अभ्यासकांपुढे मांडला बाळशास्त्री जांभेकरांनी. ‘दर्पण’कार म्हणून आपण त्यांना हार घालतो, पोंभुर्ल्याच्या या माणसाने आपल्या मुलखाचे ताम्रपट वाचले, हे सहसा कुणी सांगत नाही. दानाचा विषय आहे अव्वेश्वराचे देऊळ. दान घेणारा आचार्य आत्रेय हा अंभोजशंभूचा शिष्य, मत्तमयूर नावाच्या शैव परंपरेच्या कर्करोणी शाखेचा. या परंपरेचे मोठे मठ मध्य भारतात होते. देवाच्या पूजेसाठी, देवळाच्या डागडुजीसाठी, तपस्व्यांच्या अन्नवस्त्रासाठी राजाने तीन गावे दिली. तेली, माळी, कुंभार, परीट यांची कुटुंबे नेमून दिली. इथवर सारे आपल्या गावऱ्हाटीतल्या माणसाला ओळखीचे वाटेल. पुढे येते जहाजांचे कलम. परदेशाहून आलेल्या गलबतामागे एक गद्याण सोने. ताम्रपटाने ‘कंदलमूलीय’ म्हटलेल्या गलबतामागे एक धरण सोने. चेमुल्य आणि चंद्रपूर, म्हणजे चौल आणि गोव्याचे चांदोर, यांना मात्र वगळले आहे. देवाच्या समईतले तेल तेल्याच्या घाण्यावरचे. तिच्या खर्चाला हातभार दर्यापलीकडून आलेल्या नाखव्याचा.

मला सांगायचे आहे ते एवढेच, की मध्ययुगातील राज्य, धर्म आणि व्यापार यांची तीन निरनिराळी प्रकरणे पाडून या किनाऱ्याचा इतिहास लिहिता येत नाही. पाठ्यपुस्तके तसेच करतात: आधी घराण्यांची वंशावळ, मग देवळे, शेवटी उरल्या जागेत ‘आर्थिक स्थिती’. आमच्या खाड्याच ही विभागणी खोटी ठरवतात. विजयदुर्ग, देवगड, आचरा, कालावल, कर्ली, तेरेखोल. दोन-चार कोसांवर दुसरी खाडी. घाटावरचा राजा रयतेकडून सारा वसूल करू शकत असे, कारण शेत उचलून नेता येत नाही. गलबत मात्र शीड फिरवून शेजाऱ्याच्या बंदरात जाते. म्हणून दर ठरलेला हवा, तो सर्वांना ठाऊक हवा आणि राजा बदलला तरी पाळला जाईल असा भरवसा हवा. राजे लढाईत मरत, मठ सहसा मरत नसे. जकातीचा वाटा देवाला तोडून दिला की तो दर मोडणे पाप ठरते. दानपत्राच्या शेवटी दान बुडवणाऱ्याला नरकाची भीती घालण्याचा रिवाज आहे. त्यात व्यापाऱ्याचीही हमी होती, असे मी मानतो.

हे एकट्या शिलाहारांचे शहाणपण नव्हे. केरळात कोल्लमला 849च्या ताम्रपटाने तिथल्या अधिपतीने ख्रिस्ती चर्चला जमीन, माणसे आणि व्यापारी हक्क दिले. त्यावर साक्षीदारांनी अरबी, पहलवी आणि हिब्रू लिपीत सह्या केल्या. 1264 साली सोमनाथात होर्मुझच्या नुरुद्दीन फिरोज या नाखव्याने मशीद बांधली. तिच्या शिलालेखात हिजरी, विक्रम, वलभी आणि सिंह असे चार शक आहेत आणि स्थानिक शैव पुरोहितांचाही उल्लेख आहे. आमच्या उत्तरेला, आजच्या पालघर जिल्ह्यातील चिंचणीच्या ताम्रपटात तर चक्र उलटे फिरलेले दिसते. शके 848मध्ये राष्ट्रकूटांच्या वतीने संजाण मंडळाचा कारभार पाहणारा मधुमती हा ताजिक, म्हणजे अरब. त्याच्या अमलात एका ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठिकेला दान मिळते. लोकांना नदी ओलांडायला फुकट होडी आणि अन्नछत्र हेही त्याच्या कारभारातले.

यावर कुणी म्हणेल, हे सर्वधर्मसमभावाचे गोड चित्र झाले. मी तसे म्हणत नाही. त्याच मधुमतीने भोवतालच्या बंदरांचे अधिपती जिंकून आपली माणसे तिथे बसवली, हे त्याच ताम्रपटात अभिमानाने लिहिले आहे. किनाऱ्यावर चाचेगिरी होती, भाऊबंदकी होती. परधर्मीयाला जागा मिळाली ती बंदराच्या हिशेबाने. पण मनाचा मोठेपणा एका राजाबरोबर जातो आणि हिशेब वारसाला पटतो. म्हणून त्या हिशेबाला मी कमी लेखत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: ताम्रपट म्हणजे भाटगिरी, त्यावर विश्वास कसा ठेवायचा? खारेपाटणलाच सापडलेला शिलाहार राजा अनंतदेवाचा शके 1016चा ताम्रपट घ्या. आरंभी राजाने कोकण नासवणाऱ्या पाप्यांना तलवारीच्या धारेच्या समुद्रात बुडवले, अशी वर्णने आहेत. त्यांतली निम्मी सोडून द्या. पुढे भाभण श्रेष्ठी आणि त्याचा भाऊ धणाम श्रेष्ठी यांना स्थानक (ठाणे), किनाऱ्यावरचे नागपूर, शूर्पारक (सोपारा), चेमुली (चौल) इत्यादी बंदरांत जकात माफ केली आहे. भाटाला बंदरांची यादी करण्यात रस नसतो. ती जकातदाराला दाखवायची असते आणि खोटी असेल तर पहिल्याच धक्क्यावर उघडी पडते.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ही घडी मोडली. जकात बंदरात होती, ती त्यांनी परवान्याच्या रूपाने भर समुद्रात नेली. समोरचा सिंधुदुर्ग 1664पासून उभा राहिला तो अशाच मक्तेदारीला उत्तर म्हणून. पुढे मराठ्यांनीही दस्तके, म्हणजे असेच परवाने, दिली, हेही सांगून टाकतो.

एक उणीव मात्र कुठल्याच ताम्रपटातून भरून निघत नाही. माळी आहे, परीट आहे. तांडेल नाही, खलाशी नाही, खाडीच्या तोंडाशी गलबताला वाट दाखवणारा नाही. ज्याच्या हातात सुकाणू होते त्याला दानपत्रात घर मिळाले नाही. त्याचा माग इथल्या देवस्थानांच्या जुन्या वह्यांत, गावच्या बारा-पाच मानकऱ्यांच्या मानपानात, गाबितांच्या आणि खारव्यांच्या कुलाचारांत लागला तर लागेल. परिषदेने या कागदांच्या नोंदणीचे काम हाती घ्यावे, अशी स्वागत समितीची विनंती आहे. आणि परतताना खारेपाटणला जरूर उतरा. ताम्रपटांचे हे गाव समुद्राकाठी नाही. विजयदुर्गच्या खाडीने पुष्कळ आत, मुंबई-गोवा महामार्गावर आहे.