विसावा हीही साधनाच

(औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



औरंगपुऱ्यातून निघालेल्या माणसाला दोन तीर्थे जवळची आहेत. सुमारे १५ किलोमीटरवर देवगिरीचा किल्ला आहे, तेथे जनार्दनस्वामींची समाधी आहे. दुसऱ्या दिशेला सुमारे ५० किलोमीटरवर गोदाकाठी पैठण आहे, तेथे एकनाथ महाराज विसावले आहेत. गुरू आणि शिष्य यांच्या मधोमध हे शहर वसलेले आहे. प्रसिद्धी, प्रकृती, श्रद्धा आणि विश्रांती हे चार शब्द आजच्या विषयात एकत्र आले आहेत. त्यांचा परस्परसंबंध शोधण्यासाठी या शहराच्या रहिवाशांना फार दूर जाण्याची गरज नाही.

वरवर पाहता हे चार शब्द निरनिराळ्या घरचे वाटतात. प्रसिद्धी पुढाऱ्यांची, प्रकृती वैद्यांची, श्रद्धा देवळाची आणि विश्रांती म्हाताऱ्यांची, अशी आपली सोयीस्कर वाटणी झालेली असते. प्रत्यक्षात मात्र प्रत्येक मध्यमवर्गीय घरात या चारही गोष्टींची गाठ पडलेली दिसते. कचेरीत पस्तीस वर्षे मानाने वावरलेले गृहस्थ निवृत्त होतात आणि सहा महिन्यांत खचतात. नोकरी गेली म्हणून ते खचत नाहीत; निवृत्तिवेतन व्यवस्थित येत असते. 'साहेब' ही हाक थांबलेली असते, हे खरे कारण. एखादा कार्यकर्ता रात्री बारापर्यंत बैठका करतो, पहाटे पुन्हा प्रवासाला निघतो, रक्तातील साखर वाढल्याचे वैद्यांनी सांगितले तरी 'हे कार्य झाले की पाहू' म्हणतो. कार्य होते आणि दुसरे सुरू होते. पाहणे राहून जाते.

देवगिरीवरील गुरुवार

जनार्दनस्वामी मूळचे चाळीसगावचे. निजामशाहीत ते देवगिरीचे किल्लेदार होते. किल्लेदारी म्हणजे रात्रंदिवसाची जबाबदारी. पहारे, दारूगोळा, धान्याची कोठारे, हिशेब आणि कधीही येऊ शकणारा शत्रू. अशा अधिकाऱ्याला उसंत कोठून मिळणार? तरीही परंपरा सांगते की स्वामींच्या उपासनेसाठी गडावरील कचेरीला गुरुवारी सुट्टी असे. त्या दिवशी स्वामी दत्तचिंतनात मग्न असत आणि राज्यकारभार एक दिवस थांबे. एवढ्याने गड काही ढासळला नाही.

याच संदर्भात एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. स्वामी समाधीत असताना गडावर परचक्र आले. तरुण एकनाथांनी गुरूंची समाधी भंगू दिली नाही. त्यांनी स्वामींचा पोशाख चढवला, शस्त्रे घेतली, घोड्यावर बसून शत्रूला परतवून लावले आणि पोशाख जागच्या जागी ठेवून ते पुन्हा सेवेला लागले. त्यांनी आपण होऊन ही गोष्ट गुरूंना सांगितली नाही; ती स्वामींना इतरांकडून कळली.

आख्यायिकेकडे इतिहासाचा कागद म्हणून पाहू नये, पण समाजाने ती चारशे वर्षे का जपली याचा विचार अवश्य करावा. एकाला विसावा मिळायचा तर दुसऱ्या कोणी तरी पहाऱ्यावर उभे राहावे लागते, ही तिच्यातील पहिली शिकवण. दुसरी शिकवण अशी की, जो पहाऱ्यावर उभा राहिला त्याने त्याचा डांगोरा पिटला नाही. विश्रांती आणि निरपेक्षता यांची सांगड तेथे घातलेली आहे.

ही पहिली शिकवण आपल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी नेऊन पाहावी. पुरुषाला रविवार आहे, विद्यार्थ्याला दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी आहे. घरातील गृहिणीचा गुरुवार कोणता? सणाच्या दिवशी तर तिचे काम दुपटीने वाढते. नैवेद्य तिने करायचा, पंगत तिने वाढायची आणि सर्वांत शेवटी, गार झालेल्या अन्नावर तिने बसायचे. मातृशक्तीचा गौरव व्यासपीठावरून पुष्कळ होतो. तिच्या वाट्याचा पहारा आठवड्यातून एक दिवस घरातील मुलाने, सुनेने, जावयाने, स्वतः गृहस्थाने उचलला, तर तो गौरव खरा ठरेल.

चरकाचार्यांचा इशारा

आयुर्वेदाने निद्रेला शरीराच्या तीन आधारस्तंभांपैकी एक मानले आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातवा अध्याय या दृष्टीने मुळातून वाचण्यासारखा आहे. कोणते वेग दाबू नयेत याची यादी आचार्यांनी तेथे दिली आहे. भूक, तहान, शिंक, जांभई यांच्याबरोबरच झोप, डोळ्यांतील अश्रू आणि श्रमाने लागलेली धापदेखील त्या तेरा वेगांत आहे. दमलेल्या माणसाने आपली धाप लपवू नये, इतका बारीक विचार आपल्या पूर्वजांनी केला होता.

त्याच अध्यायात पुढे दाबून ठेवण्यासारखे वेगही सांगितले आहेत. लोभ, शोक, भय, क्रोध, ईर्षा यांच्या पंक्तीत 'मान', म्हणजे गर्व, तेथे बसवलेला आहे. आजच्या जीवनात या दोन याद्यांची अदलाबदल झाली आहे. झोप दाबली जाते, भूक पुढे ढकलली जाते, धाप लपवली जाते, पुरुषाने रडू नये म्हणून अश्रूही गिळले जातात. आणि मान मात्र मोकाट सुटतो. सत्कारात हार कितव्या क्रमांकाने पडला, निमंत्रणपत्रिकेत नाव कोणत्या ओळीत छापले, भ्रमणध्वनीवर टाकलेले छायाचित्र किती जणांनी पाहिले, याच्या चिंतेत रात्रीची झोप जाते. आधुनिक वैद्यकही पुरेशा झोपेचा संबंध रक्तदाबाशी, मधुमेहाशी आणि हृदयाच्या आरोग्याशी जोडते. प्रसिद्धीची हाव हा केवळ नैतिक दोष नाही, तिचा हिशेब शरीरही मांडून ठेवते.

नावाचे ओझे

नाथांनी या नावाच्या ओझ्यावर साधा उपाय शोधला होता. त्यांची मुद्रा आहे 'एका जनार्दनी'. आपल्या नावाशेजारी त्यांनी गुरूंचे नाव कायमचे बसवले. प्रत्येक अभंगाच्या शेवटी कर्तेपण गुरुचरणी ठेवून ते मोकळे झाले. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत शिरलेले अपपाठ काढून त्यांनी शके १५०६ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली. स्वतः समर्थ कवी असताना दुसऱ्याच्या ग्रंथाची निगा राखण्यासाठी एवढा व्यासंग करणे, यातच त्यांचे मोठेपण आहे.

भावार्थ रामायणाची कथा याहून बोलकी आहे. युद्धकांडापर्यंत आल्यावर हा ग्रंथ नाथांच्या हातून अपुरा राहिला आणि त्यांच्या गावबा नावाच्या शिष्याने तो पूर्ण केला. पुरणपोळीच्या ओढीने नाथांच्या वाड्यात राहिलेला हा मुलगा, असे परंपरा सांगते. आपले जीवितकार्य अशा शिष्याच्या हाती सोपवून शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीला नाथ गोदावरीत शांतपणे विसावले. 'माझ्यावाचून हे होणार नाही' हा विचार त्यांना शिवला नाही. श्रद्धा म्हणतात ती हीच. देवावर विश्वास आहे म्हणणाऱ्याने आपल्यामागून येणाऱ्या गावबावरही विश्वास ठेवला पाहिजे.

संघजीवनातील धडे

संघकार्यात वावरणाऱ्यांना याची अलीकडची उदाहरणे माहीत आहेत. आद्य सरसंघचालक डॉ. हेडगेवार वयाच्या ५१व्या वर्षी, २१ जून १९४० रोजी गेले. अखेरच्या वर्षांत प्रकृती ढासळली असतानाही त्यांचे चिंतन कार्याचेच होते. त्यांचे झिजणे ही त्या काळाची आहुती होती. आजचा कार्यकर्ता मात्र पुष्कळदा त्यांच्या जागरणाचे अनुकरण करतो आणि त्यांच्या निरहंकारी वृत्तीचे अनुकरण राहून जाते.

श्रीगुरुजींवर १९७० मध्ये मुंबईत कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. त्यांनी उपचार टाळले नाहीत आणि कामही सोडले नाही. ५ जून १९७३ रोजी त्यांचे निधन झाल्यावर त्यांची तीन पत्रे उघडण्यात आली. एकात पुढील सरसंघचालकांचे नाव होते, एकात आपले स्मारक उभारू नये अशी इच्छा होती आणि एकात सर्वांची क्षमायाचना होती. जबाबदारी सोपवली, नाव पुसले, मन हलके केले. निघण्याची तयारी यापेक्षा वेगळी काय असते?

बाळासाहेब देवरसांनी पुढचे पाऊल टाकले. प्रकृती साथ देत नाही हे ओळखून त्यांनी १९९४ मध्ये हयातीतच सरसंघचालकपद रज्जूभैयांकडे दिले. तोवर तसा प्रघात नव्हता. पुढे २००० मध्ये रज्जूभैयांनी आणि २००९ मध्ये सुदर्शनजींनी तोच मार्ग अनुसरला. एका माणसाने आपल्या आजारपणाचा प्रामाणिक स्वीकार केला आणि त्यातून संघटनेला एक निरोगी परंपरा मिळाली.

नानाजी देशमुख तर मराठवाड्याचेच सुपुत्र. आजच्या हिंगोली जिल्ह्यातील कडोळी हे त्यांचे जन्मगाव. १९७७ मध्ये बलरामपूरमधून ते लोकसभेवर निवडून आले, पण त्यांनी मंत्रिपद स्वीकारले नाही. साठी उलटलेल्यांनी सत्तेपासून दूर होऊन समाजकार्य करावे, असे ते म्हणत आणि १९७८ मध्ये त्यांनी स्वतःच सक्रिय राजकारण सोडले. गोंड्यात आणि नंतर चित्रकूटला ते खेड्यांच्या उभारणीत रमले. २७ फेब्रुवारी २०१० रोजी चित्रकूटलाच ते गेले आणि इच्छेप्रमाणे त्यांचा देह वैद्यकीय अभ्यासासाठी देण्यात आला. २०१९ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले. मंत्रिपद नाकारणाऱ्याच्या मागे मान आपणहून चालत आला, तोही त्याला पाहता येऊ नये अशा वेळी.

घरोघरचा गुरुवार

हे सारे थोरांचे झाले, सामान्य गृहस्थाने काय करावे, असा प्रश्न येईल. त्याने आठवड्यातला एक दिवस, निदान एक संध्याकाळ, राखून ठेवावी. त्या वेळी भ्रमणध्वनी बाजूला असावा, घरची माणसे एकत्र बसावीत, थोडे नामस्मरण व्हावे, थोड्या गप्पा व्हाव्यात आणि वेळेवर झोप मिळावी. चाळिशी उलटलेल्या कार्यकर्त्याने रक्तदाब आणि साखर नियमित तपासून घ्यावी. प्रवासाच्या वहीत बैठकीची नोंद होते, तशी याचीही व्हावी. आपल्या कामाला आपला गावबा आजच शोधून ठेवावा, त्याला चुका करू द्याव्यात आणि त्याने काम पूर्ण केले तर आनंदाने पुरणपोळीचे जेवण घालावे. निवृत्त झालेल्या ज्येष्ठांनी 'साहेब' ही हाक कचेरीतच ठेवून यावी. 'आजोबा' ही हाक तिच्याहून मोठी आहे आणि तिला निवृत्तीचे वय नाही.

देवगिरीच्या पायऱ्या चढताना आजही माणूस दमतो. मध्ये थांबावे लागते. त्या थांबण्याची कोणाला लाज वाटत नाही, कारण अजून वर जायचे आहे हे प्रत्येकाला ठाऊक असते. राष्ट्रकार्याची चढणही अशीच लांब आहे. ती चढायची तर धाप लपवून चालणार नाही. जनार्दनस्वामींनी गुरुवार पाळला आणि गडही राखला. आपल्या प्रत्येकाच्या घरी असा एक गुरुवार यावा, आणि त्या दिवशी पहारा देणारा एखादा एकनाथही लाभावा, एवढीच प्रार्थना.