कोकणातील लोकसंख्या आणि मनुष्यबळ

रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मध्ये सुमारे 16 लाख 97 हजार होती. 2011 च्या जनगणनेत ती 16 लाख 15 हजारांवर आली. सिंधुदुर्गातही घट झाली. याचे मोठे कारण स्थलांतर. गिरण्यांच्या काळापासून इथला तरुण पोटापाण्यासाठी मुंबई गाठत आला. म्हणूनच 2011 मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या. गावात राहिलेल्या मनुष्यबळात वृद्ध आणि स्त्रियांचा वाटा मोठा असून शेतीचा भारही बराचसा त्यांच्यावरच आहे.

कामाला मात्र तोटा नाही. हापूसच्या हंगामात बागांना राखणदार, फवारणी करणारे आणि आंबा उतरवणारे लागतात. फळ देठासह उतरवावे लागते. चीक सालीवर ओघळला तर डाग पडतो आणि भाव घसरतो. हे कसबी काम आज अनेक बागांत नेपाळी मजूर करतात. मासेमारी नौकांवरही बाहेरचे खलाशी असतात.

बागेतले काम हंगामी, तर तरुणांना हवे बारमाही उत्पन्न. फळप्रक्रिया, काजू उद्योग, शीतगृहे आणि पर्यटन यांतून वर्षभराचा रोजगार उभा राहिला, तरच कोकणातील तरुण गावात टिकेल.