खडकावरचे रान

झाड लावणे हे पुण्यकर्म होय, ही समजूत आपल्या देशात फार दृढ आहे. तेव्हा उजाड भूमीवर मूळचे रान परत आणू पाहणाऱ्या माणसाला आरंभी झाडे मारावी लागली, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. २००६ साली जोधपूरच्या मेहरानगढ किल्ल्याच्या पायथ्याशी प्रदीप क्रिशन यांच्यावर हाच प्रसंग आला होता.

क्रिशन यांनी वनस्पतिशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. त्यांनी दिल्लीत इतिहास शिकवला, 'मॅसी साहिब' (१९८५) यांसारखे चित्रपट काढले आणि झाडांची ओळख पुढे स्वतः रानात हिंडून करून घेतली. या मार्गाने आलेल्या माणसाला पुस्तकी अधिकार नसतो; मात्र विचारण्याची लाज नसते, आणि जोधपुरात तीच गोष्ट कामी आली.

किल्ल्याच्या परिसरातील सुमारे ७० हेक्टर भूमी ज्वालामुखीजन्य कठीण खडकाची. तिच्यावर वेड्या बाभळीचे साम्राज्य माजले होते. मूळची अमेरिका खंडातील ही वनस्पती मारवाडात हेतुपुरस्सर पसरवण्यात आली. १९३० नंतरच्या काळात तिचे बी विमानातून टाकले गेले, असे तेथे सांगतात. रुक्ष प्रदेश हिरवा व्हावा, लोकांना सरपण मिळावे, हा उद्देश वाईट नव्हता. पण ती जेथे रुजली तेथे तिने इतर झाडाझुडपांना जागाच ठेवली नाही. तिला वरवर तोडून काही उपयोग होत नाही. बुंध्यातून ती पुन्हा फुटते. जमिनीखाली सुमारे ४५ सेंटिमीटरपर्यंत खोदून मूळ काढावे तेव्हाच ती मरते. आणि येथे जमीन म्हणजे खडक!

ही अडचण सोडवली ती खंडवालियांनी. पिढ्यान्‌पिढ्या दगडाच्या खाणीत राबणारे हे लोक. हातोडा मारून ते कान देतात आणि दगडाच्या आवाजावरून त्यात भेग कोठे आहे ते ओळखतात. मुळेही भेगेतूनच खाली गेलेली असत. छिन्नी-हातोड्याने एकेक मूळ काढून झाले की मागे खड्डा उरे, आणि नव्या रोपाला तोच खड्डा उपयोगी पडे. एवढे ज्ञान अंगी असलेल्या माणसांना आपण अकुशल मजूर म्हणतो, हे खेदाचे आहे.

त्या खड्ड्यांत काय लावायचे, हा प्रश्न याहून अवघड होता. थरच्या वाळवंटात सर्वत्र वाळूच असते, हा भ्रम आहे. वाळूत वाढणारे झुडूप खडकावर तग धरीलच असे नाही. म्हणून क्रिशन आणि त्यांचे सहकारी थरमधील खडकाळ टेकड्या धुंडाळत फिरले, तेथे आपोआप काय उगवते ते त्यांनी पाहिले, बी गोळा केले आणि त्यापासून रोपे तयार केली. थोर, गुग्गुळ, आणि ज्याच्या बिया मारवाडी स्वयंपाकात केर-सांगरीबरोबर शिजतात तो कुमटिया, अशी मंडळी हळूहळू परतली. २०११ साली हे 'राव जोधा मरुशिला उद्यान' लोकांसाठी खुले झाले. बागेची सवय असलेल्यांना उन्हाळ्यात ते वाळके, ओसाडच वाटावे. पाऊस पडला की मात्र खडकांच्या सांदीसांदीतून अल्पायुषी रोपे आणि गवते वर येतात.

पुढे जयपूरच्या किशनबागेचे काम क्रिशन यांच्याकडे आले. ती २०२१ साली खुली झाली. तेथील भूमी वाळूच्या टेकड्यांची. जोधपूरची यादी तशीच उचलून नेण्यात अर्थ नव्हता. वाळूत काय जगते, याचा शोध पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागला.