बेसिनमधलं रक्त कोणाला दिसतं?

आज मधूनच कावळे किंवा होडीचं इंजिन ऐकू आलं तर सांभाळून घ्या. आजचा भाग मी मनोरीत, घराच्या गच्चीवर बसून रेकॉर्ड करतोय.

आजचं पुस्तक आहे स्टीफन किंगची १९८६ सालची कादंबरी, 'इट'. सिनेमा पाहिलेले म्हणतील, "तो जोकरवाला ना?" हो, तोच. पण पुस्तक हजार पानांच्या वर आहे आणि त्यात जोकरापेक्षा पोरं जास्त आहेत. एवढा ठोकळा इंग्रजीत झेपत नसेल, तर याच कादंबरीवर बेतलेली नारायण धारपांची 'शपथ' मराठीत आहे. धारप म्हणजे तेच, ज्यांची एक गोष्ट मित्राच्या तोंडून ऐकून राही अनिल बर्वेच्या डोक्यात 'तुंबाड'चं बीज पडलं.

तर 'इट'ची गोष्ट. अमेरिकेतलं डेरी नावाचं काल्पनिक गाव, साल १९५८. सात पोरं. एक तोतरा, एक जाडा, एक दम्याचा पंप खिशात घेऊन फिरणारा. गावाच्या गटारात काहीतरी राहतं. साधारण २७ वर्षांनी ते जागं होतं आणि मुलांना मारतं. ज्याला ज्याची भीती, त्याचंच रूप घेऊन समोर येतं.

मला सगळ्यात जास्त हलवलं ते एका साध्या प्रसंगाने. बेव्हर्ली नावाची मुलगी बाथरूममध्ये आहे. बेसिनच्या भोकातून आधी आवाज येतात, मग रक्ताचा फवारा. आरसा, भिंत, सगळं लाल. ती किंचाळते, बाबा धावत येतात. आणि त्यांना काहीच दिसत नाही! ती पटकन सांगते, कोळी दिसला म्हणून ओरडले. वर मार खाते. मग ती मित्रांना घरी आणते. त्यांना रक्त दिसतं. ती पोरं काय करतात? फडकी घेतात आणि सगळे मिळून बाथरूम पुसून काढतात.

बस, या कादंबरीतली जादू मला तिथेच सापडली. पुढे दम्याच्या पंपातलं औषध त्या राक्षसाला ॲसिडसारखं भाजतं, कारण पोराने तसं मनापासून मानलेलं असतं. भीतीतून आकार घेणाऱ्याला विश्वासाचेही नियम लागू होतात. पण तो विश्वास एकट्याने टिकत नाही. "हो, मलाही दिसतंय" म्हणणारं कोणीतरी लागतं.

आपण कोड लिहिणारे लोक काय करतो माहितीये? टेस्टरने बग टाकला की एकदा चालवून बघतो आणि लिहितो, "माझ्या मशीनवर नीट चालतंय." तिकीट बंद. मोठी माणसं लहान मुलांची तिकिटं रोज अशीच बंद करतात. "काही नाही तिथे. झोप."

आमच्या मनोरीत भुतांची कमी नाही. खाडीत गिऱ्हा, वाटेवर चकवा. त्यातली अर्धी भुतं मोठ्यांनीच कामाला लावलीत, पोरांनी भरतीच्या वेळी पाण्याकडे जाऊ नये म्हणून. ही गंमत बघा. आपण सांगितलेलं भूत पोराने खरं मानावं आणि त्याने सांगितलेलं आपण खोटं ठरवायचं.

मागच्या पावसाळ्यात माझा आठ वर्षांचा भाचा इथे राहायला होता. रात्री म्हणाला, "मामा, माळ्यावर कोणीतरी आहे." ताई म्हणाली, झोप गपचूप. माझी आई मात्र उठली. टॉर्च घेतला, म्हणाली, "चल बाळा, बघूया कोण आहे ते." दोघं शिडी चढून वर गेले. जुनी जाळी होती, मोडकी सायकल होती. आईने प्रत्येक कोपऱ्यात टॉर्च मारला. हसली नाही. खाली येऊन पोरगा झोपला.

दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापत असलेल्या आजीजवळ जाऊन तो हळूच बोलला. शाळेच्या व्हॅनमधली दोन मोठी मुलं रोज त्याचा हात पिरगाळतात, डबा काढून घेतात. चार महिने कोणाला सांगितलं नव्हतं. ताईने व्हॅन बदलली.

मला वाटतं, माळा ही परीक्षा होती. खोट्या भुतासाठी जे उठतात, त्यांनाच खरं भूत सांगायचं, हा हिशोब पोरं मनात करतात. त्यांनाही तो कळत नसेल कदाचित.

'इट'मध्ये ही सात मुलं मोठी होतात. गाव सोडून गेलेली सहाजणं सगळं विसरतात. गावात राहिलेला एकच आठवण ठेवतो आणि २७ वर्षांनी सगळ्यांना फोन करतो. आपण तिशीकडे आलोय, मंडळी. विसरायला नेमकी आत्ताच सुरुवात होते.

म्हणून पुस्तक वाचाच. दिवसा वाचा, हवं तर मार्व्याच्या लाँचमध्ये वाचा. आणि घरातलं लहान पोर काही सांगत असेल तर फोन बाजूला ठेवून त्याच्याबरोबर जाऊन बघा. गोष्ट गंभीर निघाली, तर चाइल्डलाइनचा नंबर आहे १०९८.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!